चालत्या गाडीचं तेल

वडवणीत बंकटची गाडी ओळखायला नंबर बघावा लागत नाही. पांढरी, लांब, जुनी. टपावर मिरचीची पोती बांधलेली. चालवायला बंकट. मागच्या सीटवर धने भरलेल्या दोन पोत्यांच्या मध्ये त्याची बायको मंगल. आणि पुढे, बंकटच्या शेजारी, कोणीच नाही. त्या रिकाम्या सीटवर पांढरा टर्किश टॉवेल अंथरलेला असे. टॉवेल दर आठवड्याला मंगल धुवायची. त्यावर बसायची तिला परवानगी नव्हती.

ती सीट नानांची होती. नाना म्हणजे तानाजीराव, माजी सभापती. पुढारी माणूस गाडीत मागे बसत नाही, ड्रायव्हरच्या शेजारी बसतो, कारण रस्त्यावरच्या लोकांना तो दिसला पाहिजे. बंकटने नानांना वीस वर्षे तसे दाखवत नेले. मग नानांनी नवी उंच गाडी घेतली, तिच्यावर तरुण ड्रायव्हर ठेवला, आणि ही जुनी गाडी बंकटला देऊन टाकली. बंकटने त्या दिवशी पेढे वाटले. नोकरी गेल्याचे पेढे वाटणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. तो म्हणाला, "नोकरी गेली न्हाई बे राधाकिशन. नानांनी इनाम दिलं."

मी राधाकिशन. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली केली. कंबर गेली तेव्हा सोडली. आता सत्यमच्या गॅरेजबाहेर जुन्या टायरवर बसतो. दुसऱ्याचे काम बघणे हेही काम असते असे म्हणणारे लोक आहेत. मी म्हणत नाही.

बंकटचे आईबाप ऊसतोडीला जायचे. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, माणसाला नाही. बंकटचे आईबाप एक कोयता होते. लग्न झाल्यावर बंकट आणि मंगल एक कोयता झाले. बंकट मोळ्या बांधायचा. मंगल मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. दोन हंगाम असे गेले. तिसऱ्या हंगामात बंकट ट्रॅक्टरवाल्याच्या मागे लागून गाडी शिकला आणि गावी आल्यावर नानांच्या जीपवर लागला. बसून करायचे काम त्याला मिळाले.

बंकट ड्रायव्हर झाला आणि मंगल अर्धा कोयता झाली. एकट्या बाईला टोळीत सहसा घेत नाहीत. ती गावात राहिली, मिरचीची पाटी डोक्यावर घेऊन आठवडी बाजाराला जायला लागली. पाटीची दोन पोती झाली, मग हळद आली, धने आले, खोबरे आले. बंकट अजून सांगतो, "मी बायकोला फडातून सोडवली." ते खरे आहे. कशी सोडवली ते तो सांगत नाही.

जीपनंतर नानांनी ही गाडी आणली. पुण्याच्या एका डॉक्टरची वापरलेली. तालुक्यात तशी दुसरी नव्हती. हिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. दांडी एकदा पुढे जायच्या खुणेवर ओढली की ड्रायव्हरच्या डाव्या पायाला पुढे काही काम उरायचे नाही. मोंढ्यात माझा एक हात रिकामा दिसला की मुनीम ओरडायचा. बंकटचा डावा पाय कित्येक वर्षे रिकामा राहिला आणि गावात त्याचा मान वाढला.

गाडी ताब्यात देताना पुण्याच्या गॅरेजवाल्याने बंकटला एक गोष्ट सांगितली होती. गिअरच्या पेटीतले तेल वेगळे असते, तांबडे असते, आणि ते अधूनमधून बदलावे लागते. बंकटने ते नानांच्या कानावर घातले. नाना सभेला निघाले होते, एका कानाला फोन होता. ते म्हणाले, "चालत्या गाडीला हात लावू नको." बंकटने ते वाक्य उचलले आणि जपून ठेवले. टायर बदलले, ब्रेक बदलले, इंजिनाचे तेल बदलले. गिअरच्या तेलाला हात लावला नाही. गाडी स्वतःची झाल्यावरही लावला नाही. नानांची आज्ञा होती, आणि आज्ञा मागे घ्यायला नाना आले नव्हते.

यंदा दसऱ्याच्या आधी गाडी कुरकुरायला लागली. मागे घेऊन पुढचा गिअर टाकला की गाडी आधी विचार करायची. मग एकदम झटका देऊन निघायची. बंकट म्हणायचा, "म्हातारी झाली. दम घेती." मंगल मागे पोत्यांवर आपटायची. पोती धरायची.

मग धारूरचा घाट आला. गाडी भरलेली होती. मधल्या वळणावर इंजिन ओरडायला लागले आणि गाडी जागेवर राहिली. इंजिन वर चालले होते आणि गाडी खाली सरकत होती. मंगल उडी मारून उतरली आणि मागच्या चाकाला दगड लावला. दोघांनी गाडी निवू दिली, निम्मी पोती उतरवून रस्त्याकडेला ठेवली, गाडी वर नेली, आणि मग मंगलने ती पोती दोन खेपा करून डोक्यावरून वर आणली. बंकट गाडीजवळ थांबला, कारण गाडीजवळ कोणीतरी थांबायला पाहिजे होते.

दुसऱ्या दिवशी गाडी सत्यमच्या गॅरेजवर आली. सत्यम तिशीतला आहे. काही वर्षे पुण्याकडे कारखान्यात आणि मोठ्या गॅरेजात काम करून परत आला. गॅरेज त्याच्या चुलत्याचे, रामेश्वर मिस्त्रीचे. रामेश्वरचा हात जीपगाड्यांवर बसलेला. बिनक्लचच्या गाडीखाली तो कधी गेला नव्हता, त्यामुळे तिच्याबद्दल त्याचे मत पक्के होते.

"गिअरचं तेल कवा बदललं होतं?" सत्यमने विचारले.

"ते बदलायचं नसतं," बंकट म्हणाला. "नानांची गाडी हाय."

"नानांच्या गाडीत तेल नसतंय का?"

"तेल हाय. बदलायचं नसतं."

रामेश्वर खाटेवरून उठला. "बरुबर हाय त्याचं. सत्या, हात लावू नको बे. मळानं धरलंय ते. इतक्या वर्षांचा मळ गिअरच्या चकत्यांत बसलाय, म्हणून चकत्या धरून हायत. नवं तेल घालशील, मळ धुऊन निघंल, गाडी हितंच बसंल. मग ढकल घरापातूर."

"काका, मळानं धरलंय हे मी न्हाई म्हणत न्हाई. पण धरायचं रोज कमी व्हायलंय. घाटात काय झालं ऐकलं ना?"

"घाटात माझी जीप बी बसलती."

"तुमच्या जीपला डिझेल नव्हतं."

"बसली ना पण."

बंकटने दोघांकडे पाहिले. "सत्यम, तू खात्री देतो का?"

"खात्री न्हाई देत. आदी तेल बघू द्या. काळं जळकं निघालं तर मीच म्हणतो, हात लावू नका, हाय तवर चालवा."

"बघायचं म्हणजे बी हात लावणंच झालं की."

"मग लांबून कसं बघू, बंकटमामा?"

बंकट म्हणाला, "नानांना इचारतो."

मंगल पोत्याची सैल झालेली दोरी आवळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "नाना काय गिअरात बसलेत व्हय?"

आमच्या भागात दसरा झाला की टोळ्या निघायला लागतात. कोणी पश्चिमेला सातारा-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. जाणारी माणसे पाच-सहा महिन्यांचे तिखट-मीठ बरोबर बांधून नेतात, कारण तिकडची मिरची आमच्या तोंडाला गोड लागते. त्या थोड्या आठवड्यांत मंगलचा जेवढा माल जातो तेवढा उरलेल्या वर्षात जात नाही. घर त्याच्यावर चालते. बंकटच्या इनामावर नाही. त्याच दिवसांत टेम्पो मिळत नाहीत, कारण सगळे टोळ्या नेण्यात गुंतलेले असतात. आणि एसटीत मिरचीचे पोते चढवले की आधी कंडक्टर शिंकतो, मग सगळी गाडी. थोडक्यात, बंकटची गाडी थांबली तर मिरची घरात आणि गिऱ्हाईक कर्नाटकात. हे मंगलला माहीत होते. बंकटलाही माहीत होते. पण त्याला त्याच्याआधी नाना माहीत होते.

नानांकडे जाताना बंकटने मला बरोबर घेतले. मैत्री म्हणून नाही. गाडी वाटेत बसली तर ढकलायला माणूस हवा होता. माझी कंबर गेलेली आहे हे मी सांगितले. तो म्हणाला, "लई न्हाई लागायचं ढकलायला." मंगलही निघाली. म्हणाली, "नाना काय म्हणत्यात ते मला बी ऐकायचंय." मी तिच्या शेजारी मागे बसलो. पुढची सीट रिकामी. आम्ही तिघे आणि टॉवेल असे तेलगाव रोडने नानांच्या बंगल्यावर गेलो.

ओट्यावर माणसे बसली होती. कोणाचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, कोणाला पोराची बदली करून हवी. नाना झोपाळ्यावर होते. कमरेला पट्टा बांधलेला.

"कोन बे? बंकट? ये, ये. पोरं बरी हायत का?"

"बरी हायत, नाना." बंकटला पोरे नाहीत. ओट्यावर कोणी हसले नाही. सवय असावी.

"बोल."

बंकट उभ्याने बोलला. घाटापासून सुरू केले, मग आठवले म्हणून मागे पुण्याच्या गॅरेजवाल्यापर्यंत गेला, परत घाटावर आला. नानांनी ऐकून घेतले.

"कंची गाडी म्हणतो तू?"

"आपली. तुमी दिलेली."

"ती अजून चालते?" नाना झोपाळा थांबवून पुढे वाकले. त्यांना खरेच नवल वाटले होते.

"चालते, नाना. जशी दिली तशी ठिवली. तुमची सीट बी तशीच हाय. टॉवेल हाय. कुणाला बसू दिलं न्हाई तिथं."

नानांचा हात आपोआप कमरेच्या पट्ट्यावर गेला. "कावून बे? त्या सीटनं तर माझी कंबर घालवली. खाली खोल जातंय माणूस तिच्यात, उठायला दोघं लागायचे. डॉक्टर म्हणले, ती गाडी सोडा. म्हणून तर काढली."

मी बंकटकडे पाहिले नाही. मंगलने पाहिले.

बंकट म्हणाला, "मग तेलाचं काय करू, नाना?"

"माझ्या वक्ताला बदललं होतं का?"

"न्हाई. तुमीच म्हणला होतात, चालत्या गाडीला हात लावू नको."

"मी?" नाना हसले. ओट्यावरचे लोकही हसले, नाना हसले म्हणून. "म्हणलो असंल. घाईत असंल. मी काय मिस्त्री हाय का? तुझी गाडी हाय, तू बघ." आणि ते ट्रान्सफॉर्मरवाल्याकडे वळले.

नाना वाईट बोलले नाहीत हे मला नोंदवायचे आहे. त्या ओट्यावर मी आयुष्यात चार-पाचदा गेलो असेन. इतके सरळ उत्तर तिथे दुसऱ्या कोणाला मिळालेले मी ऐकले नाही.

बंगल्यातून बाहेर पडताना बंकटला गाडी मागे घ्यावी लागली. पुढचा गिअर टाकल्यावर गाडीने नेहमीपेक्षा जास्त वेळ विचार केला. झटका बसला तेव्हा मी आणि मंगल दोघेही पुढच्या सीटवर आपटलो. टॉवेल जागचा हलला नाही, तो सीटखाली खोचलेला असतो. वडवणी आली तेव्हा मंगलने विचारले, "आता?"

"नाना स्पष्ट काय बोलले न्हाईत."

"लई स्पष्ट बोलले."

बंकटने काच वर केली. तिकडून वारा येत नव्हता.

नंतरच्या आठवड्यात त्याने अर्ध्या वडवणीला विचारले. आधी नाना होते तेव्हा एकालाच विचारावे लागे. चहावाला म्हणाला बदल. बसस्टँडवरचा एक निवृत्त ड्रायव्हर म्हणाला बदलू नको, पण त्याने जन्मभर जी गाडी चालवली तिचे तेल दुसरे कोणीतरी बदलत होते. शाळेचे गुरुजी म्हणाले, दोन्ही बाजूंनी विचार केला पाहिजे. गुरुजींकडे सायकल आहे. ज्याच्याकडे काहीच नाही अशा एका माणसाने सांगितले की गाडीच विकून टाक. बंकट प्रत्येकाचे नीट ऐकायचा, मान डोलवायचा आणि दुसऱ्याला विचारायला जायचा.

दरम्यान त्याने एक युक्ती काढली. गाडी मागे घ्यायचीच बंद केली. मागे घेतली नाही की झटका बसत नाही. गाडी अशा जागी लावायची की तिथून सरळ पुढे निघता यावे. आमच्या बाजाराच्या बोळात अशी जागा नाही. मग तो गाडी लांब, रस्त्याच्या कडेला लावायचा, आणि मंगल पोती तिथून बोळात वाहायची. मिरचीचे पोते आकाराने मोठे, वजनाला हलके असते, असे लोक समजतात. हळदीचे तसे नसते. मी ते अंतर चालून पाहिले, रिकाम्या हाताने. मला वाटेत एकदा टेकावे लागले.

मोंढ्यात मी एक गोष्ट शिकलो. पोते कोणी उचलले नाही म्हणून त्याचे वजन कमी होत नाही. बंकट ठरवत नव्हता आणि ते न ठरवणे मंगल डोक्यावर घेऊन रोज बोळातून जात होती.

धारूरचा मोठा बाजार आला, टोळ्या निघायच्या आधीचा शेवटचा. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी गॅरेजवरून चालली होती, ती थांबली. बंकटने थांबवली नव्हती. मंगलने मागून त्याच्या खांद्यावर थाप मारली होती. ती उतरली.

"सत्यम, तेल बघ रं बाबा."

"अगं पण," बंकट म्हणाला.

"बघायचं म्हणते मी. बदलायचं न्हाई म्हणत."

सत्यमने इंजिन चालूच ठेवायला सांगितले आणि बॉनेट उघडले. तेल मोजायची लांब पट्टी असते ती बाहेर ओढली. टोकावर तेल होते, पण पट्टीवर त्याचा रंग कळत नव्हता.

"पांढरं फडकं लागतंय," तो म्हणाला. "त्याच्यावर टिपलं की कळतं. तांबडं असलं तर चांगलं. काळं असलं तर गेलं."

गॅरेजात फडकी पुष्कळ होती. एकही पांढरे नव्हते. कित्येक गाड्यांचे काळे त्यांच्यावर होते. कोणाचे कोणते ते सांगता आले नसते. रामेश्वरने आपल्या सदऱ्याकडे पाहिले आणि विचार बदलला. माझे धोतर त्या दिवशी धुतलेले होते. मी पाय आखडून घेतले.

मंगल गाडीला वळसा घालून पुढच्या दाराशी गेली. ते दार टॉवेल धुण्यापुरतेच उघडायचे, त्यामुळे कुरकुरले. तिने सीटखाली खोचलेली टोके उपसली, टॉवेल ओढून काढला, झटकला आणि सत्यमसमोर धरला.

"हे घे. कालच धुतलाय."

सत्यमने बंकटकडे पाहिले. बंकट स्टीअरिंग धरून बसला होता. सत्यमने पट्टी टॉवेलावर टेकवली.

आधी चहासारखा डाग पडला. आम्ही चौघे वाकून बघत राहिलो. डाग हळूहळू पसरला. मधे तपकिरी राहिला आणि कडेने बारीक तांबूस कड उमटली. सत्यमने बोटावर तेल घेऊन चोळले. "कचकच न्हाई." त्याने टॉवेल चुलत्याच्या नाकाशी नेला.

रामेश्वरने वास घेतला. पुन्हा घेतला. "जळकं न्हाई," तो म्हणाला. आणि हार दिसू नये म्हणून म्हणाला, "थोडं हाय."

"काळं असतं तर मी हात जोडले असते," सत्यम म्हणाला. "हे म्हातारं झालंय. मेलं न्हाई. बदलावं."

बंकट खाली उतरून आला. त्याने डागाकडे पाहिले नाही. टॉवेलाकडे पाहिले.

"टॉवेल गेला."

"धुतला तर निघंल," मंगल म्हणाली. "न्हाई निघाला तर न्हाई."

बंकट माझ्या टायरवर येऊन बसला. मी सरकलो. रस्त्यावरून उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या कारखान्याकडे चालल्या होत्या. तो त्या जाईपर्यंत बघत राहिला.

"हात तर लागलाच आता," तो म्हणाला. "काढ बे सत्यम."

"काढतो."

"सगळं काढायचं का?"

"न्हाई. खालचा बोल्ट खोलून जेवढं आपसूक येईल तेवढंच. यंत्रानं दाबून धुवायचं न्हाई. निम्म्याच्या आतच निघंल. तेवढंच नवं घालायचं. बाजार झाले की पुन्हा एकदा."

"म्हणजे निम्मा मळ राहतोयच की," रामेश्वर म्हणाला.

"राहतोय काका. तुमचं बी ऐकलं."

तेलाचे डबे सत्यमने बीडहून आधीच आणून ठेवले होते. दुसऱ्या एका गाडीसाठी आणले, असे तो म्हणाला. वडवणीत दुसरी तशी गाडी नाही. मंगल तेव्हा दुसरीकडे बघत होती.

काम मी सुरुवातीपासून पाहिले, म्हणून सांगतो. गाडी खड्ड्यावर घेतली. सत्यम खाली उतरला. बोल्टला पाना लावला, एकदा जोर दिला, बोल्ट सुटला. घमेल्यात तेल पडले, जुन्या काढ्याच्या रंगाचे. बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतो, त्यावर शाईसारखा करडा गाळ बसला होता. तो पुसला. बोल्ट परत बसवला. घमेल्यातले तेल मोजून तेवढेच नवे तेल वरून नळीने ओतले. ते कुंकवाच्या पाण्यासारखे तांबडे होते. मी चहा मागवला होता. काम संपले तेव्हा तो अजून पिण्याजोगा गरम होता. घाम एकट्या बंकटला आला होता, आणि त्याने कशालाही हात लावला नव्हता. तो टॉवेल धरून उभा होता.

मग त्याने गाडी नाक्यापर्यंत नेली आणि आणली. येताना मुद्दाम मागे घेऊन लावली. बऱ्याच दिवसांनी.

"झटका हाय," उतरून तो म्हणाला.

"किती?"

बंकटने विचार केला. "कमी हाय."

"उद्या घाटात बघा," रामेश्वर म्हणाला. त्याचा आवाज आशेचा होता.

सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मला परत ढकलायला बोलावले होते. टपावर मिरची, मागे धने. पुढच्या सीटवर टॉवेल नव्हता. टॉवेलाखाली सीट कशी आहे ते मंगलशिवाय कोणी पाहिले नव्हते. ती मधे चांगलीच खचलेली होती. नानांचे म्हणणे खोटे नव्हते.

बंकट आरसा पुसत म्हणाला, "पुढं बस."

त्याने नाव घेतले नव्हते. मला वाटले मलाच म्हणतोय. मंगल मात्र ओळखून होती. ती म्हणाली, "पुढं हळदीचं पोतं ठिवा. मागं मला पाय लांब करता येत्यात."

"अगं, बस म्हणतोय ना."

"इतकी वर्षं न्हाई बसले. आता कंबर घालवू का?"

बंकटने हळदीचे पोते उचलून पुढे ठेवले. स्वतः उचलले, हे मी पाहिले. उचलायची पद्धत चुकीची होती. नानांच्या सीटवर हळद बसली आणि आम्ही निघालो.

घाट लागला. मधले वळण आले. मागच्या वेळी मंगलने चाकाला लावलेला दगड अजून रस्त्याकडेला पडलेला होता. इंजिनाचा आवाज चढला. गाडी अडखळली, थोडी. मग तिने पुढचा दम घेतला आणि वर निघाली. फार जोरात नाही. ओझे घेतलेला हमाल चढावर जसा चालतो, तशी. मी दार धरलेला हात सोडला.

"दगड तिथंच हाय अजून," मंगल म्हणाली.

धारूरच्या बाजारात टोळ्यांची गर्दी होती. बायका मिरची हातात चोळून, वास घेऊन, एकमेकींच्या नाकाशी नेऊन घेत होत्या. मंगलच्या तराजूला दुपारपर्यंत उसंत नव्हती. बंकट गाडीला टेकून उभा होता. त्याच्या ओळखीचा एक ट्रॅक्टरवाला आला. टोळी घेऊन दोन दिवसांनी कर्नाटकात निघणार होता.

"बंकट, घाट चढून आली म्हणं गाडी. काय केलं?"

"गिअरचं तेल बदललं."

"इतक्या जुन्या गाडीचं? लोक तर म्हणत्यात बदलू नये. तू बदलायचं कसं काय ठरिवलं?"

बंकटने हाताची घडी घातली. "नानांकडं गेलतो. समद्यांच्या समोर इचारलं. नाना म्हणले, बदल."

"मग बरुबर हाय," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "नाना म्हणले म्हणजे. जायच्या आदी माझ्या ट्रॅक्टरचं बी बदलून घेतो."

मी तोंड उघडले. मंगल मिरची तोलत होती. तिने ऐकले होते, कारण तराजूचा काटा स्थिर झाला तरी ती वजन उतरवत नव्हती. मग तिने गिऱ्हाइकाच्या पिशवीत मिरची ओतली, वर मूठभर टाकली आणि रिकामे पोते माझ्याकडे केले.

"भाऊ," ती म्हणाली, "दुसरं घ्या तिकडून. एकटं उचलू नका, ह्यांना हाक मारा."

मी बंकटला हाक मारली. तो हाताची घडी सोडून आला. पोते दोघांनी उचलले. ह्या वेळी त्याने गुडघे वाकवले होते.